तडीपाराचा मुक्काम पोस्ट सौंसर

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतल्या पंचविशीच्या तरुणाला पोलिस उपायुक्तांच्या आदेशाने दोन वर्षांसाठी तडीपार केलं. हद्द ठरली शहर आणि ग्रामीण मिळून अख्खा नागपूर जिल्हा. आदेश हातात पडला त्या रात्री तो मध्य प्रदेशात, सौंसरला, सख्ख्या मावशीकडे जेवायला होता. नागपूरहून सौंसर सत्तर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वर्धा जेवढं लांब जवळजवळ तेवढंच. पण वर्धा महाराष्ट्रात आहे आणि सौंसर नाही. या प्रकरणात पुढे जे बिघडलं, त्यातलं बरंचसं या एका फरकामुळे बिघडलं.

वस्ती, ठाणं आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. तीन भावांतला हा मधला. घरी त्याला 'मधला'च म्हणतात, म्हणून इथेही तेच. माझा संबंध आला तो वस्तीतल्या विधी सेवा शिबिरामुळे. आधी चौकातला पानठेलेवाला आला आणि काही महिन्यांनी मधल्याची आई. वकीलपत्र मी दोघांपैकी कुणाचंच घेतलं नाही. अपील दुसऱ्याच वकिलाने चालवलं, त्यामुळे दोन्ही घरांशी आणि ठाण्यातल्या मंडळींशीही मोकळेपणाने बोलता आलं आणि कागद पाहता आले.

चौकातला हिशेब

मधला काही जन्माचा गुंड नव्हता, हे त्याची आई सांगते आणि ते खरंही आहे. बारावीत गचकला, कळमन्याच्या मार्केटमध्ये हमाली केली, मग व्याजाने पैसे फिरवणाऱ्या एका माणसाच्या मागे गाडीवर बसून वसुलीला जायला लागला. वसुलीत मारहाण आली. मारहाणीत घातक हत्याराने दुखापतीचं कलम ३२४ आलं, मग धमकीचं ५०६ आलं, आणि एकदा रात्रीच्या गस्तीत कमरेला चाकू सापडला म्हणून शस्त्र कायद्याचं ४/२५. भारतीय दंड संहिता अजून लागू होती तेव्हाच्या या गोष्टी. पुढे त्याला कुणाच्या मागे बसायची गरज उरली नाही. चौकात त्याचं स्वतःचंच नाव चालायला लागलं.

त्या चौकात एकच पानठेला आहे. तिथे दिवसभर खर्रा घोटला जातो. सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकायचा आणि हाताने रगडत राहायचं, सगळा माल एकजीव होईपर्यंत. ठेलेवाल्याच्या उजव्या तळहाताच्या बुडाला त्याचा घट्टा पडलाय. नागपूरकराला हे सांगायची गरज नाही. बाहेरच्या वाचकासाठी लिहिते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीही पुढे बंदीत आली. तरी खर्ऱ्यात पडणारा 'माल' बहुतेक ठिकाणी तोच असतो. तो येतो कुठून हे चौकातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. राज्याच्या हद्दीपलीकडून.

मधल्याचा हप्ता याच फटीत शिरला. ठेलेवाल्याकडे तो आठवड्याला पैसे मागायचा, शिवाय रोजचे दोन-तीन खर्रे फुकट. तक्रार का केली नाही असं विचारलं तर ठेलेवाला म्हणाला, "म्याडम, पोलिसात जाऊन काय सांगू? त्यानं पैशे मागतले म्हनून सांगू, का माह्या ठेल्यावर माल कोनता हाय ते सांगू?" खंडणीबद्दल बोलताना आपण गुंडाची दहशत, चाकू, टोळी यांच्यापाशीच थांबतो. खंडणी द्यायला सर्वांत आधी तयार होतो तो माणूस ज्याचा स्वतःचा धंदा अर्धा बेकायदा आहे. त्याचे हात कायद्याने आधीच बांधलेले असतात. गुंडाला फक्त खिसा उघडायचा असतो.

फाईल

चाकूची केस झाल्यावर ठाण्याने तडीपारीचा प्रस्ताव वर पाठवला. वेळ गणपतीच्या आधीची, म्हणजे असे प्रस्ताव गठ्ठ्याने निघतात तो हंगाम. निवडणूक असली की दुसरा हंगाम.

कायदा जुना आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या कलम ५५ मध्ये टोळ्या, ५६ मध्ये गुन्हा करण्याच्या बेतात असलेली माणसं आणि ५७ मध्ये आधी शिक्षा झालेले. मधल्यावर ५६ लागलं, कारण त्याला एकाही केसमध्ये अजून शिक्षा झाली नव्हती. कलम ५६ (१) (ब) चा गाभा दोन गोष्टींत आहे. माणूस हिंसेच्या किंवा मालमत्तेच्या गुन्ह्यांत गुंतला आहे असं मानायला वाजवी कारण हवं, आणि त्याच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत असं अधिकाऱ्याचं मत हवं. ही दुसरी अट महत्त्वाची. साक्षीदार कोर्टात यायला तयार असतील तर तडीपारी कशाला, सरळ खटला चालवा, असा तिचा अर्थ.

साक्षीदार का येत नाहीत हे नागपूरला वेगळं शिकवावं लागत नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी इथल्या जिल्हा न्यायालयात, कोर्टाच्या खोलीतच, कस्तुरबानगरच्या जमावाने अक्कू यादवला ठार मारलं. जमावात बायका मोठ्या संख्येने होत्या. वर्षानुवर्षं वस्तीला छळणारा माणूस जामिनावर सुटून परत येईल, ही भीती त्यामागे होती. २०१४ मध्ये त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. या शहरात गुंडाविरुद्ध बोलायचं तर त्याची किंमत काय आणि गप्प राहायचं तर काय, दोन्ही हिशेब लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत.

म्हणून पोलिस गोपनीय जबाब घेतात. नाव नाही, पत्ता नाही, फक्त 'साक्षीदार अ' आणि 'साक्षीदार ब'. वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या माणसाशी स्वतः बोलून खात्री करायची असते. मधल्याच्या फाईलमधला 'अ'चा जबाब मी वाचला. नेहमीचीच पोलिसी मराठी: सदर इसमास मी ओळखतो, सदर इसम हा दांडगाईचे स्वभावाचा असून त्याचे भीतीने कोणी तक्रार देण्यास धजावत नाही. आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्याच ओळीत: माझा चौकात पानठेला असून.

ज्या चौकात एकच पानठेला आहे त्या चौकाबद्दल हे वाक्य लिहिलं होतं.

आता कलम ५९ बघा. ज्याला हाकलायचं त्याला आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवलं पाहिजे आणि बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. हे योग्यच आहे. त्याशिवाय माणूस उत्तर कशाला देणार? साक्षीदाराची ओळख मात्र झाकता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलंय की आरोप ढोबळ स्वरूपात कळवले तरी चालतात, सगळे तपशील दिले तर साक्षीदार उघडा पडेल. पण मधल्याला मिळालेल्या नोटिशीत जबाबाचा गोषवारा उतरवताना कुणीतरी पानठेलाही उतरवला. सहायक पोलिस आयुक्तांपुढच्या चौकशीला मधला आला तेव्हा 'अ' कोण हे त्याला ठाऊक होतं. कुणी फोडलं नाही, फितुरी नाही. नोटीस वाचली की कळत होतं.

आदेश निघाला. दोन वर्षं, म्हणजे कलम ५८ मध्ये दिलेली कमाल मुदत. कमाल का, याचं कारण आदेशात एका वाक्यातही नव्हतं. गुन्हे सगळे एका ठाण्याच्या हद्दीतले, तरी हकालपट्टी अख्ख्या जिल्ह्यातून. त्यालाही कारण नव्हतं.

पोलिसांची बाजू सांगायला हवी, कारण तीही खरी आहे. मधला गेल्यावर चौक खरोखर शांत झाला. ठेला रात्री साडेदहापर्यंत उघडा राहू लागला, आटोवाले पुन्हा कोपऱ्यावर उभे राहायला लागले, आणि ज्या बाईने 'ब' म्हणून जबाब दिला होता तिने मुलीला पुन्हा संध्याकाळच्या शिकवणीला पाठवलं. मला कुणी विचारलं की तडीपारीने काही होतं का, तर मी आधी हे सांगेन. चार-पाच महिन्यांची शांतता ही वस्तीसाठी लहान गोष्ट नसते, आणि सिव्हिल लाइन्समध्ये बसून मूलभूत हक्कांवर बोलणाऱ्या आम्हा मंडळींना ती दिसत नाही.

सौंसर

सौंसर परराज्यात आहे हे नकाशा सांगतो, पण तिथे उतरल्यावर जाणवत नाही. घरात मराठी, बाजारात मराठी, शेतात कापूस आणि संत्री. नागपूरकर शनिवारी जामसावळीच्या हनुमानाला जातात ते याच भागात, आणि तिकडची माणसं आजार बळावला की आपल्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात येतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात आलं आणि छिंदवाडा तिकडे राहिला. सोयरीक काही फेररचनेत वाटली गेली नाही. मधल्याची मावशी तिथे, मामेबहीण पांढुर्ण्याला. असल्या घरातल्या पोराला जिल्ह्याबाहेर काढणं म्हणजे मावशीकडे सुट्टीला पाठवणं.

खरी गोम कलम ५६ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. तडीपार माणूस महाराष्ट्रातच दुसऱ्या जिल्ह्यात राहणार असेल, तर त्याने जवळच्या ठाण्यात महिन्यातून एकदा आपला पत्ता कळवायचा, पत्ता बदलला नसला तरी, असं बंधन आदेशात घालता येतं. तो राज्याबाहेर गेला तर? तर गेल्यापासून दहा दिवसांत तसं लेखी कळवायचं, टपालाने चालेल. आणि परत आला की दहा दिवसांत परत आल्याचं कळवायचं. बास. दरमहा हजेरी नाही, कारण महाराष्ट्राचा कायदा मध्य प्रदेशातल्या ठाणेदाराला हजेरी घ्यायला सांगू शकत नाही.

म्हणजे मधला वर्ध्याला गेला असता तर महिन्याला एकदा ठाण्याची पायरी चढावी लागली असती. सौंसरला गेला म्हणून एका कार्डावर भागलं. ठाण्यातल्या एका हवालदाराने मला हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: "वर्ध्याला असता तर तिथल्या बीटवाल्याला फोन टाकला असता. सौंसरला कोनाले विचारू? तिकडच्या हिशेबानं तं तो साफ मानूस हाय. एक गुन्हा नाई त्याच्यावर."

मुंबई-पुण्याच्या तडीपाराला हे सुचायचंही नाही. तिथून हाकललेला माणूस दोन-तीन जिल्हे ओलांडूनही महाराष्ट्रातच राहतो. नागपूर जिल्ह्याची उत्तरेची हद्द हीच राज्याची हद्द. सावनेरवरून निघा किंवा देवलापारवरून खवाशाकडे, दीड-दोन तासांत आपला कायदा संपतो. आणि वर्ध्याला पाठवणं हा काही रामबाण उपाय आहे असंही नाही. वर्धा १९७४ पासून दारूबंदीचा जिल्हा. नागपूरच्या पोराला, ज्याच्या ओळखी आहेत, ज्याला गाडी चालवता येते आणि ज्याला काम हवंय, वर्ध्यात सर्वांत आधी कोणतं काम मिळेल हे सांगायला ज्योतिषी नको. मला विचाराल तर तरीही वर्धा बरं. हजेरी तरी राहते.

मधल्याने सौंसरला काय केलं? पहिले दोन महिने मावसभावाच्या संत्र्याच्या व्यवहारात हाताखाली. मग त्याची एकाशी ओळख झाली. तो छिंदवाड्याचा, आणि त्याच्यावरही असाच आदेश होता. मध्य प्रदेशात त्याला जिलाबदर म्हणतात. मध्य प्रदेश राज्य सुरक्षा अधिनियम, १९९० खाली तिथला जिल्हा दंडाधिकारी एक वर्षापर्यंत माणसाला जिल्ह्यातून आणि लगतच्या जिल्ह्यांतून बाहेर काढू शकतो. लगतच्या म्हणजे त्या राज्यातल्या. इकडे नागपूर लगतच असलं तरी त्या आदेशाला ते दिसत नाही. मग तो जिलाबदर माणूस राहायला कुठे होता? कळमन्यात, भाड्याच्या खोलीत. दोघांची गाठ पडली तीही त्याच्या नागपूर-सौंसर फेऱ्यांमुळे. तो लपून मुलांना भेटायला यायचा.

हे फायलीत नाही. मधल्याच्या आईने सांगितलं, आणि नंतर आलेल्या दोषारोपपत्रात त्याचा अर्धा भाग दिसला. आम्ही आमचा माणूस त्यांच्याकडे ढकलतो, ते त्यांचा आमच्याकडे, आणि दोन्हीकडचे कागद म्हणतात की जिल्हा मोकळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पिवळ्या आणि काळ्या मारबतीचे पुतळे मिरवत निघतात तेव्हा लोक ओरडतात, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! मारबतीला निदान वेशीबाहेर नेऊन जाळतात. आपण इडापिडेला बसमध्ये बसवून देतो.

येणं-जाणं

तडीपार माणसावर केसेस चालू असतात, आणि त्या केसेस त्याच जिल्ह्यातल्या कोर्टात असतात जिथून त्याला हाकललंय. त्यामुळे तारखेला येण्याची मुभा ठेवावी लागते. एरवी लग्न, मयत, आजारपण असेल तर कलम ६३ खाली तात्पुरती परवानगी मागता येते. मधल्याने परवानगी कधी मागितली नाही. त्याला तारखा पुरत होत्या. सकाळी अकराला कोर्टात पुकारा, साडेअकराला पुढची तारीख, आणि परतीची बस संध्याकाळची. मधले सहा तास कुठे होता, तर जेवायला थांबलो होतो.

मग रात्रीही यायला लागला. ठाण्याचं पथक रात्री दोनच्या सुमारास तडीपार तपासायला घरी जायचं. टॉर्च मारायची, पलंगाखाली बघायचं, धाकट्याला उठवून नाव विचारायचं. "त्याले जिल्ह्याभाईर काढलं, बरं झालं म्हनते सगळे," त्याची आई मला म्हणाली, "पन दार तं माह्यं वाजते न." ती चार घरी भांडी घासते. पैकी दोन घरांनी पोलिसांच्या भानगडीमुळे तिला काम सोडायला सांगितलं. शिक्षा कुणाला झाली होती असं तिने विचारलं नाही, पण मला विचारावंसं वाटलं.

घरी तो कधीच सापडला नाही. सापडला मारबतीच्या आदल्या रात्री, बहिणीच्या घरी. तडीपारी मोडल्याचं कलम १४२ लागलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि न्यायाधीशाने खास कारण लिहिलं नाही तर सहा महिन्यांपेक्षा कमी नाही. कागदावर कडक. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी जामीन, पुन्हा गाडीत बसवून हद्दीबाहेर, आणि खटला आधीच्या खटल्यांच्या रांगेत. 'तडीपार गुंड शहरात वावरताना अटकेत' ही बातमी नागपूरच्या पेपरांत इतक्या वेळा येते की आपण ती वाचणं सोडून दिलंय.

हिवाळ्यात तो पुन्हा आला. त्या रात्री त्याच्यासोबत छिंदवाड्याचा माणूस होता, आणि मधल्याच्या कमरेला पहिल्यांदाच चाकूऐवजी देशी कट्टा होता. मध्य प्रदेशात खरगोन, बडवानी, बुऱ्हाणपूरकडे बनणारे असे कट्टे महाराष्ट्रात येतात हे पोलिसांच्या दर दुसऱ्या कारवाईत दिसतं. तडीपार होण्याआधी मधल्याचे हात तिथवर पोहोचत नव्हते. चौकात वसुली करणाऱ्या पोराची ओळख कळमन्यापर्यंतच. सीमेपलीकडे नेऊन ठेवल्यावर ती ओळख झाली.

ठेला बंद व्हायच्या वेळेला तो समोर उभा राहिला. कट्टा काढून फळीवर ठेवला, चुन्याच्या डबीशेजारी. आणि विचारलं, "अ म्हंजे तूच न बे?"

ठेलेवाल्याने सांगितलं की त्याला कट्ट्याची जेवढी भीती वाटली त्याहून जास्त त्या अक्षराची वाटली. जबाब देताना साहेबांनी त्याला म्हटलं होतं, नाव कुठेच येणार नाही. आलंही नव्हतं.

गोळी सुटली नाही. दोन थपडा, गल्ल्यातले पैसे आणि ठेला उचलायला आठ दिवसांची मुदत. पण यावेळी ठेलेवाला ठाण्यात गेला, उघडपणे, स्वतःच्या नावाने. धाडस कुठून आलं म्हटलं तर म्हणाला, "आता लपवाले उरलंच काय?" त्याच्या फिर्यादीवरून दोघे पकडले गेले, कट्टा जप्त झाला, शस्त्र कायद्याचं ३/२५ आणि सोबत खंडणी व धमकीची कलमं लागली. ज्या गोपनीयतेवर तडीपारीची अख्खी इमारत उभी होती ती कोसळल्यावरच एक साधी, उघडी फिर्याद उभी राहिली, ही या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट.

कारागृह, अपील आणि एक तिढा

मधला मध्यवर्ती कारागृहात गेला. ते आहे वर्धा रोडवर, नागपूर शहरात. ज्या जिल्ह्यात पाऊल ठेवायला बंदी होती तिथेच सरकारने त्याला काही महिने ठेवून घेतलं, आणि तडीपारीची मुदत तिकडे कॅलेंडरवर सरकत राहिली.

दरम्यान अपील चालू होतं. कलम ६० प्रमाणे आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे दाद मागता येते. प्रत्यक्षात ऐकणारे असतात विभागीय आयुक्त. मधल्याच्या वकिलाने दोन निकाल पुढे ठेवले आणि दोन्ही आपल्याच राज्यातल्या आदेशांबद्दलचे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अमरावतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडीपारीचा आदेश रद्द केला आणि सांगितलं की हा उपाय अपवादात्मक परिस्थितीतच वापरायचा आहे. २८ जानेवारी २०२२ रोजी जालन्याच्या प्रकरणात पुढचं पाऊल टाकलं: तडीपारीने संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (ड) मधल्या देशभर मुक्तपणे संचार करण्याच्या हक्कावर गदा येते, त्यामुळे दोन वर्षांची कमाल मुदत द्यायची तर तेवढीच का, हे आदेशावरून दिसलं पाहिजे. मधल्याच्या आदेशात ते दिसत नव्हतं. अपिलात मुदत एक वर्षावर आली, बाकी आदेश कायम.

तोवर वर्षातलं फारसं काही उरलं नव्हतं, पण उरलेल्या दिवसांनी गंमत केली. कट्ट्याच्या केसमध्ये जामीन मिळाला तेव्हा न्यायालयाने अट घातली की दर रविवारी ठाण्यात हजेरी द्यायची. ठाणं नागपूरचं. तडीपारीचा आदेश म्हणतो जिल्ह्यात यायचं नाही, जामिनाचा आदेश म्हणतो दर रविवारी या. वकिलाने कलम ६३ खाली अर्ज केला. त्यावर निर्णय येईपर्यंत मधला दोन रविवार ठाण्याच्या दारात उभा राहिला. एका अधिकाऱ्याने सही घेतली. दुसऱ्याने विचारलं की तू आत आलास कसा.

पण याच अटीने काम केलं. जामिनाच्या आदेशात महाराष्ट्रातला पक्का पत्ता मागितला होता, साक्षीदारांशी संपर्क ठेवायचा नाही असं बजावलं होतं, आणि आठवड्याला सही होती. पहिल्यांदाच मधला कुठे आहे हे दर आठवड्याला कुणालातरी माहीत होतं. तडीपारीच्या आदेशाने माणूस कुठे नसावा हे ठरवलं. तो कुठे आहे याची चौकशी जामिनाच्या अटीने केली.

माझं म्हणणं असं नाही की तडीपारी बंद करा. ठेलेवाल्याची ती चार महिन्यांची झोप मी विसरत नाही. पण राज्याच्या सीमेला चिकटलेल्या शहरात ती मुंबईच्या साच्याने काढून चालत नाही. आदेश बजावतानाच माणूस कुठे जाणार हे लेखी घ्यावं, आणि तो परराज्यात जात असेल तर तिथल्या ठाण्याला त्याच दिवशी फायलीसकट कळवावं. त्याला कुठला नवा कायदा लागत नाही, एक पत्र लागतं. मधल्याच्या फाईलमध्ये असं पत्र नव्हतं. जिलाबदरांच्या याद्या तिकडून मागवाव्यात, कारण त्यातली काही नावं आपल्याच भाड्याच्या खोल्यांत झोपलेली असणार. गोपनीय जबाबाचा गोषवारा नोटिशीत उतरवण्याआधी वस्ती पायाखाली घातलेल्या माणसाने एकदा वाचावा. चौकात पानठेले किती, हे आयुक्तालयात बसून कळत नाही. आणि हाकलण्याच्या आधी बांधून पाहावं: चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ११० मध्ये होतं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १२९ मध्ये आहे. तीन वर्षांपर्यंत घेता येतं, जामीनदारांसकट. ठाण्यातली मंडळी त्याला 'चॅप्टर' म्हणतात आणि खालच्या दर्जाचं काम समजतात, कारण त्यात पेपरात बातमी येत नाही. जामीनदार मात्र गल्लीतलाच असतो आणि त्याचे पैसे अडकलेले असतात.

तडीपारी संपल्यावर मधल्याकडून तसं बंधपत्र घेतलं गेलं. एक जामीनदार थोरला भाऊ, दुसरा सौंसरचा मावसा. मावशाची शेती परराज्यात असल्याने त्याची हमी चालणार की नाही यावर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे एक अख्खी तारीख गेली. शेवटी मावशाऐवजी कामठीचा एक आटोवाला उभा राहिला. मधला सध्या त्याचाच दुसरा आटो चालवतो.

कट्ट्याचा खटला सत्र न्यायालयात आहे आणि ठेलेवाल्याची साक्ष अजून व्हायची आहे. त्याने ठेला चौकातून हलवला नाही, पण सुगंधित तंबाखू ठेवणं बंद केलंय. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं असं तो सांगतो. छिंदवाड्याचा माणूस जामिनावर सुटला, आणि त्याच्या आदेशाची मुदत संपली की नाही हे इकडच्या फाईलमध्ये कुठे लिहिलेलं नाही. मधल्याविरुद्ध दुसऱ्या तडीपारीची चाचपणी ठाण्यात सुरू आहे, यावेळी नागपूरसोबत वर्धा आणि भंडाराही जोडावेत अशी सूचना आहे. ते मंजूर झालं तर राहायला मोकळी अशी सर्वांत जवळची जागा पुन्हा सौंसरच असेल. ठाण्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला मी ते कळवलं. प्रस्तावाचा मसुदा पुन्हा एकदा बघतो, म्हणाले.